सरहद्दीवरच्या बायकांनी काय लिहून ठेवलं

बाल्कनचा कुठलाही इतिहास उघडा, आधी लढाया, वेढे आणि तह भेटतात. १५२६ची मोहाचची लढाई, १६८३चा व्हिएन्नाचा वेढा, १६९९चा कार्लोवित्झचा तह, १७१८चा पासारोवित्झचा. डॅन्यूब आणि सावा या नद्यांच्या काठी ऑटोमन तुर्क आणि ऑस्ट्रियाचे हॅब्सबर्ग एकमेकांना रेटत राहिले. १६८८ ते १७८९ या काळात एकटं बेलग्रेड ऑस्ट्रियानं तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा तुर्कांनी ते परत मिळवलं. नद्यांच्या काठानं किल्ले होते, चौक्या होत्या आणि प्लेगच्या भीतीनं प्रवाशांना आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवणारी ठाणी होती. या सगळ्याच्या मधोमध माणसं संसार करत होती. सर्ब, तुर्क, बोस्नियाचे मुसलमान, अल्बेनियन, ग्रीक, आर्मेनियन, आणि १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेल्यावर हळूहळू इथं येऊन स्थिरावलेले ज्यू. ताप आला तर काय द्यायचं, कॉफी कशी उकळायची, नवरीला कसं सजवायचं, हे एका घरातून दुसऱ्या घरात जात होतं.

हे जाणं-येणं घराच्या आत चालत असल्यामुळे ते पाहिलं बायकांनी. पुरुष प्रवाशांना बायकांचा हमाम, जनानखाना, बाळंतिणीची खोली ही ठिकाणं बंद होती. त्यांची वर्णनं बहुतेक ऐकीव आणि बरीचशी कल्पनेतली. म्हणून १७१७ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या दोन-सव्वादोनशे वर्षांत बायकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जे लिहिलं, त्याचं मोल फार आहे. हे लिखाण इंग्रजीत आहे, पोलिशमध्ये आहे, सर्बियनमध्ये आहे, ज्यूंच्या लादिनो भाषेतही आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अभ्यासकांनी त्यातलं बरंच उजेडात आणलं. ते एकत्र ठेवून वाचताना माझं एक मत पक्कं होत गेलं. ज्या बाईचं त्या मुलखात काही काम होतं, रोगी होते, शाळा होती, पोटचं पोर होतं, तिनं जवळून टिपलेला तपशील खरा उतरतो. जी नुसती पाहायला गेली, तिच्या लिखाणात आधी वाचलेल्या पुस्तकांचीच छाया पडते. मात्र काम असलं की बाजूही घेतली जाते आणि तिथून वेगळी अडचण सुरू होते.

सुरुवात लेडी मेरी वर्टली मॉंटेग्यूपासून करावी लागते. तिचा नवरा इंग्लंडचा राजदूत म्हणून तुर्कस्तानला निघाला तेव्हा, १७१६ साली, तिनं तीन वर्षांच्या मुलाला घेऊन त्याच्याबरोबर जायचं ठरवलं. व्हिएन्नाहून बेलग्रेडकडे जाताना तिला कार्लोवित्झजवळचं रणांगण लागलं. आदल्या ऑगस्टमध्ये तिथं लढाई झाली होती आणि महिने उलटले तरी माणसांची आणि घोड्या-उंटांची प्रेतं बर्फात तशीच पडलेली होती. बेलग्रेडला तिचा मुक्काम अहमद बेग नावाच्या विद्वानाच्या घरी पडला. तो रोज रात्री जेवायला बसे, अरबी कवितेतली सौंदर्यस्थळं समजावून सांगे आणि वाइनही घेई. दारूबंदी सामान्यांसाठी केलेली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. पुढं तिला अल्बेनियन शिपाई भेटले. ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारात वाढलेल्या या लोकांनी दोन्हीतला खरा धर्म कोणता हे आपल्याला ठरवता येत नाही, म्हणून शुक्रवारी मशिदीत आणि रविवारी चर्चमध्ये जायची वहिवाट पाडली होती. सरहद्दीवरच्या धर्मजीवनाबद्दल एवढं थोडक्यात आणि एवढं चपखल क्वचितच कुणी लिहिलं असेल.

याच प्रवासात तिनं आणखी एक गोष्ट पाहिली आणि तिची चर्चा मात्र फार कमी होते. राजदूताच्या सोबतीला दिलेले जानिसारी शिपाई वाटेतल्या गरीब खेड्यांतल्या कोंबड्या-मेंढ्या फुकट कापून खात. गावकरी घाबरून गप्प बसत. पाशा लोकांचा प्रवास असला की यापुढची पायरी होती. खाणं झाल्यावर गावकऱ्यांकडून वर पैसेही मागितले जात, कशाचे, तर त्यांचं अन्न चावताना दात झिजले त्याचे. हे लिहिताना तिला रडू आलं असं ती सांगते. तुर्कांची बाजू समजून घेणारी बाई म्हणून तिची ख्याती आहे. त्या ख्यातीबरोबर हा प्रसंगही वाचला पाहिजे.

सोफियाच्या हमामाचं तिचं वर्णन सगळ्यात गाजलं. दोनशेच्या आसपास बायका आत होत्या. कुणी कॉफी घेत होती, कुणी सरबत, कुणाच्या वेण्या घालणं चाललं होतं. गावातली प्रत्येक बातमी इथं कळते हे तिच्या लगेच ध्यानात आलं. घोड्यावर बसायच्या जाडजूड पोशाखात ही परकी बाई आत शिरली तरी कुणी हसलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. कपडे काढून बस म्हणून त्या आग्रह करू लागल्या, तेव्हा तिनं सदऱ्याची बटणं सोडून आतली कंबर आवळणारी चोळी दाखवली. त्या यंत्रात नवऱ्यानंच हिला कोंडून घातलंय आणि ते उघडणं हिच्या हातात नाही, अशी त्या बायकांची समजूत झाली. युरोपातून आलेली बाई तुर्की बायकांची गुलामी बघायला आत गेली आणि तिच्याच गुलामीची त्यांना कीव आली. पण पुढच्या काळात या पत्राचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. फ्रेंच चित्रकार ॲंग्रनं त्यातले उतारे वहीत उतरवून घेतले आणि १८६२ साली ‘तुर्की स्नानगृह’ हे चित्र पुरं केलं. त्यात बातम्या नाहीत, बोलणं नाही, आहेत फक्त आळसावलेली उघडी शरीरं. बाईनं आत जाऊन आणलेली माहिती बाहेरच्या नजरेनं पुन्हा आपल्या जुन्याच साच्यात ओतली.

तिचं खरं मोठं काम वेगळं आहे. देवीच्या रोगानं तिचा भाऊ १७१३ साली गेला होता आणि १७१५ साली तिलाही देवी येऊन गेल्या होत्या. एड्रियानोपलहून १७१७ साली मैत्रिणीला, सॅरा चिझवेलला, लिहिलेल्या पत्रात ती सांगते की इथं सप्टेंबरमध्ये ऊन उतरलं की पंधरा-सोळा माणसं एकत्र जमतात आणि म्हाताऱ्या बायका येऊन देवी टोचतात. अक्रोडासारख्या फळाच्या टरफलात चांगल्या जातीच्या देवीची लस आणलेली असते. कुठली शीर उघडू, असं म्हातारी विचारते. मोठ्या सुईनं ओरखडा काढून सुईच्या टोकावर मावेल तेवढीच लस आत घालते आणि वर पोकळ टरफल बांधून टाकते. चार-पाच शिरांना असं करायचं. आठव्या दिवशी ताप येतो, दोन दिवस अंथरूण धरावं लागतं, फार तर तीन. ग्रीक बायका क्रूसाची खूण म्हणून कपाळावर, दोन्ही दंडांवर आणि छातीवर टोचून घेत, पण त्या जागचे वण राहतात म्हणून बाकीचे लोक झाकलेली जागा निवडत.

लंडनच्या रॉयल सोसायटीला ही पद्धत नवी नव्हती. इमॅन्युएल टिमोनी या डॉक्टरचा त्यावरचा लेख १७१४ साली तिथं छापूनही झाला होता. छापलेलं वाचलं गेलं आणि फडताळात पडलं. कॉन्स्टँटिनोपलला १७१८च्या मार्चमध्ये मेरीनं एका म्हाताऱ्या ग्रीक बाईला बोलावून, दूतावासाच्या शल्यवैद्यासमक्ष, स्वतःच्या मुलाला टोचून घेतलं. पुढं १७२१ साली लंडनमध्ये साथ आली तेव्हा मुलीलाही टोचवलं आणि मगच इंग्लंडात ही पद्धत हलू लागली. ज्या सॅरा चिझवेलला तिनं हे सगळं कळवलं होतं, ती मात्र १७२६ साली देवीनंच गेली. या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. जेन्नरनं शोधलेली गायीच्या देवीची लस व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा वाटेनं पुढं सरकत मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातलं हे पहिलं यशस्वी लसीकरण. लस वेगळी होती, पण वाट त्याच मुलखातून आली.

मेरीची पत्रं वाचताना एक भान ठेवावं लागतं. आपल्याला जी मिळतात ती पोस्टानं पाठवलेली मूळ पत्रं नव्हेत. रोजनिशीच्या आणि पत्रांच्या आधारे तिनं ती नंतर नीटनेटकी करून दोन वह्यांत उतरवली आणि ती छापली गेली १७६३ साली, तिच्या मृत्यूनंतरच्या वर्षी. रोजनिशी तिच्या मुलीनं जाळून टाकली. घराण्याची अब्रू सांभाळायची म्हणून जळालेल्या अशा किती वह्या असतील याचा विचार मन विषण्ण करतो.

मेरीनंतर पंधरा वर्षांनी त्याच कॉन्स्टँटिनोपलमध्ये एक चौदा वर्षांची मुलगी नवऱ्याबरोबर येऊन पोचली. सालोमेआ रेगिना, माहेरची रुसिएत्स्का, आजच्या बेलारूसमधल्या नोवोग्रुदेकच्या भागातली. नवरा जर्मन डॉक्टर होता. त्याच्या हाताखाली आणि इतर वैद्यांकडून ती डोळ्यांचे विकार आणि मोतीबिंदू बरे करायला शिकली आणि पुढं स्वतःच्या बळावर वैद्यकी करू लागली. तिच्याकडे ना राजदूताचा रुबाब होता ना शिफारसपत्रांचा गठ्ठा. तिला दार उघडत होता तो रोग. पाशाच्या घरातला माणूस आंधळा व्हायला लागला की वैद्य बाई आहे का, ख्रिस्ती आहे का, हे विचारलं जात नसे. १७३७ ते १७३९च्या युद्धात पकडलेले ऑस्ट्रियाचे लोक गुलाम म्हणून विकले जात होते, तेव्हा तिनं काही जणांना विकत घेतलं आणि घरच्यांकडून पैसे घेऊन सोडून द्यायचा व्यवहार केला. त्यातल्याच पिल्श्टिन नावाच्या एकाशी तिनं दुसरं लग्न केलं आणि ते तिला फार महागात पडलं. ती सेंट पीटर्सबर्गला जाऊन सम्राज्ञी ॲनालाही भेटून आली. १७६० साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिनं पोलिश भाषेत आपली हकिगत लिहून काढली. हस्तलिखित क्राकोच्या चार्तोरिस्की ग्रंथालयात पडून राहिलं आणि छापलं गेलं १९५७ साली.

तिच्या हकिगतीत अतिशयोक्ती आहे, जादूटोण्यावरचा विश्वास आहे, शत्रूंच्या नावानं बोटं मोडणं आहे. तरीही मी तिला मेरीच्या बरोबरीनं ठेवीन. मेरी सरहद्द ओलांडून परत गेली. ही सरहद्दीवरच जगली, तिथंच पैसा मिळवला आणि गमावला. दोन साम्राज्यांच्या मधल्या पट्ट्यात पोट भरणाऱ्या बाईचा असा सलग आवाज अठराव्या शतकातून आपल्याला दुसरा मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज बायका मोठ्या संख्येनं प्रवासाला बाहेर पडल्या. त्यातल्या पुष्कळ पुस्तकांवर थांबायचं कारण नाही. निसर्ग, पिसवा, वाईट रस्ते आणि देखणे डोंगरी पुरुष यांच्या वर्णनात पुस्तक संपतं. जॉर्जिना म्यूर मॅकेंझी आणि ॲडलीन पॉलिना अर्बी यांचं मात्र तसं नाही. कार्पेथियन डोंगरात भटकताना ऑस्ट्रियाच्या पोलिसांनी त्यांना पॅन-स्लाव्ह हेर म्हणून पकडलं. आपल्यावर कसला आळ आलाय हे त्यांना धड कळेना, म्हणून हे स्लाव्ह लोक आहेत तरी कोण याचा शोध घ्यायला त्या पुन्हा बाहेर पडल्या. १८६७ साली आलेलं त्यांचं पुस्तक तुर्की सत्तेखालच्या स्लाव्ह प्रांतांबद्दल आहे. सुलतानाचं फर्मान, दुभाष्या आणि घोडे घेऊन त्या कोसोव्हो, मॅसेडोनिया, बोस्नियात फिरल्या. जिथं जातील तिथं त्या मुलींची शाळा आहे का ते विचारत. शाळा असेल तर तिथली बाई, तिचा पगार, मुलींच्या हातातली पुस्तकं, ती कुठून येतात, कोण विरोध करतं, हे सगळं त्या लिहून काढत. मठ आणि किल्ले कुणीही वर्णन करील. प्रिश्टिना-पेचसारख्या गावांतल्या शिक्षिकांची माहिती देणारं समकालीन साधन म्हणून आज या पुस्तकाला तोड नाही.

अर्बी पुढं साराजेवोलाच राहिली. तिथं तिनं मुलींची शाळा काढली, १८७५च्या उठावात पळून आलेल्या बोस्नियन निर्वासितांच्या मुलांसाठी स्लाव्होनियात शाळा आणि अन्नछत्रं चालवली आणि १९११ साली साराजेवोतच तिचा अंत झाला. शहरातल्या एका रस्त्याला अजून तिचं नाव आहे. पण तिची सहानुभूती एकाच बाजूला होती. ख्रिस्ती सर्बांची दुःखं तिला आतून दिसतात, शेजारच्या मुसलमान घरातलं माणूस मात्र बहुतेक वेळा जुलमी म्हणूनच येतं. १८७७च्या दुसऱ्या आवृत्तीला इंग्लंडचा माजी पंतप्रधान ग्लॅडस्टननं प्रस्तावना लिहिली आणि ते पुस्तक राजकारणात वापरलं गेलं.

अर्बी यायच्या आधी, १८५८ साली, साराजेवोत मुलींची शाळा काढली होती ती तिथल्याच एका सर्ब बाईनं. स्ताका स्केंदेरोवा. तिला तुर्की येत होतं, पाशाच्या कचेरीत तिचं वजन होतं. बोस्नियात नेमलेला रशियाचा वकील आणि अभ्यासक हिलफर्डिंग याच्या आग्रहावरून तिनं १८२५ ते १८५६ या काळाची बखर लिहिली. पाशा बदलले की बाजारात काय होई, सुलतानाचा सेनापती ओमेर पाशा जमीनदार बेगांचं बंड मोडायला आला तेव्हा शहरानं काय भोगलं, लोक एकमेकांत काय बोलत, हे त्यात आहे. पिलाफ शिजला की नाही हे एका शितावरून कळतं, तशी या बखरीच्या चार पानांत तिची नजर कळून येते. ती धोरण सांगत नाही, आळीत घडलेलं सांगते. हिलफर्डिंगनं बखरीचं रशियन भाषांतर १८५९ साली छापलं आणि तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं मूळ हरवलं. साराजेवोच्या पहिल्या लेखिकेचं पुस्तक आज आपण वाचतो ते एका परराष्ट्राच्या वकिलानं केलेल्या भाषांतरातून. इंग्रज बायकांच्या पुस्तकांच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि इथल्या बाईची वही टिकली नाही. या विषयाचा कुठलाही आढावा घेताना हा असमतोल मला सगळ्यात जास्त खुपतो.

ईडिथ डरॅम १९०० साली बाल्कनमध्ये आली ती हवापालटासाठी. आजारी आईची सेवा करून ती खचली होती, डॉक्टरांनी प्रवास सांगितला. मॉंटेनेग्रोत ती आली, चित्रं काढू लागली आणि पुढची चौदा-पंधरा वर्षं हाच तिचा मुलूख झाला. १९०३चा मॅसेडोनियातला उठाव चिरडल्यावर तिनं तिथं मदतकार्य केलं आणि १९०८ साली ती उत्तर अल्बेनियाच्या डोंगरात फिरली. १९०९चं ‘हाय अल्बेनिया’ हे पुस्तक त्या प्रवासाचं. रक्ताचा सूड, पाहुण्याचं रक्षण, लेक दुकाजिनी या जुन्या सरदाराच्या नावानं चालणारा कानून, लग्न नाकारून पुरुषाच्या पोशाखात पुरुषाच्या हक्कानं राहणाऱ्या शपथबद्ध कुमारिका, एकाच टोळीत काही घरं कॅथलिक आणि काही मुसलमान, हे सगळं तिनं घरोघर विचारून लिहिलं. तिची स्वतःची स्थिती तिला उपयोगी पडली. नवरा नाही, मूल नाही, एकटी फिरते, म्हणून पुरुषांच्या बैठकीत तिला जागा मिळे आणि चुलीपाशीही मिळे.

तिनं टिपलेली एक गोष्ट इतिहासकारांनी पुरेशी उचललेली नाही असं मला वाटतं. सुडाच्या कायद्यानं बाईवर गोळी झाडता येत नसे. त्यामुळे घरातले पुरुष सुडाच्या भीतीनं घराबाहेर पडू शकत नसले, तरी बाई ओझं घेऊन बाजाराला जाऊ शके, वैऱ्याच्या हद्दीतून जाऊ शके. लग्नही टोळीबाहेर करायचं असा नियम असल्यानं प्रत्येक घरातली सून दुसऱ्या टोळीची असे, कधी वैरी टोळीची. दोन टोळ्यांमध्ये निरोप, माल, औषध आणि बोलीतले शब्द कोण नेत होतं याचं उत्तर इथं आहे. ज्यांची नावं कुठल्याही दप्तरात नाहीत त्या बायका.

डरॅमचंही अर्बीसारखंच झालं, फक्त उलट्या दिशेनं. सुरुवातीला सर्बांबद्दल लिहिणारी ही बाई अल्बेनियनांची कैवारी झाली आणि नंतर सर्बांबद्दल तिची लेखणी कडवट होत गेली. इंग्रज लेखिका रिबेका वेस्टनं युगोस्लाव्हियावरच्या १९४१च्या आपल्या प्रचंड ग्रंथात एकेक लाडका लोकसमूह पदरात घेऊन परतणाऱ्या प्रवाशांवर बोट ठेवलं, आणि तिचा स्वतःचा कल सर्बांकडे राहिला. म्हणून या बायकांचे निष्कर्ष जपून घ्यावेत आणि त्यांनी पाहिलेलं मात्र मोकळ्या मनानं घ्यावं. डरॅमनं जमवलेली कापडं हॅलिफॅक्सच्या बँकफील्ड संग्रहालयात आहेत. भरतकामाच्या त्या नमुन्यांना कुणाची बाजू नाही.

आतून लिहिणाऱ्यांमध्ये येलेना दिमित्रियेविचचं स्थान वेगळं आहे. १८६२चा जन्म, नवरा सर्बियन सैन्यात अधिकारी. १८८१ साली ती निश शहरात राहायला आली. तीनच वर्षांपूर्वी निश तुर्कांकडून सर्बियाकडे गेलं होतं आणि मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येनं गाव सोडून निघून गेली होती. जी उरली त्यांच्या घरी ही जेत्यांच्या बाजूची बाई जाऊ लागली, तुर्की शिकली, त्यांच्या लग्नांना बसली. १८९७ साली तिचं ‘निशहून जनानखान्यांबद्दलची पत्रं’ हे पुस्तक आलं. मुलगी पाहायला आलेल्या बायका, नवरीचं सजणं, हमामातला दिवस, सासू-सुनांचं बोलणं, हे सगळं त्यात सवडीनं, लांबवर येतं. सर्बियन वाचकांना कालपरवापर्यंतचे राज्यकर्ते म्हणून माहीत असलेले लोक तिच्या पुस्तकात शेजारी म्हणून भेटले. १९०८च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीनंतर बायकांनी बुरखा टाकला का, हे बघायला ती सलोनिकाला गेली. तो टाकला नव्हता. तिथली पत्रं १९१८ साली पुस्तकरूपानं आली. पुढं ती हिंदुस्थानातही आली आणि १९२८ साली तिची ‘हिंदुस्थानातली पत्रं’ बेलग्रेडला छापली गेली. नवी बोलीभाषा शिकून बायकांत बसायची सवय तिनं कुठंही सोडली नाही.

उलट दिशेची नजर हवी असेल तर झैनब हानुमचं १९१३चं पुस्तक वाचावं. ती आणि तिची बहीण मेलेक १९०६ साली कॉन्स्टँटिनोपलहून पळाल्या. युरोपातल्या स्वातंत्र्याबद्दल वाचलेलं खरं आहे का हे झैनबला बघायचं होतं. लंडनच्या पार्लमेंटात बायकांसाठीची जाळी लावलेली गॅलरी पाहून हा तर जनानखानाच आहे असं तिनं लिहिलं. पुस्तक ग्रेस एलिसन या इंग्रज पत्रकार बाईनं संपादित केलं, त्यामुळे कुठला आवाज कुणाचा हा प्रश्न राहतोच. तुर्की लेखिका हालिदे एदिबनं १९२६ साली थेट इंग्रजीतच आठवणी लिहून तो मध्यस्थच काढून टाकला. १९३५ साली ती जामिया मिलियात व्याख्यानं द्यायला हिंदुस्थानात आली, मुंबईही पाहून गेली आणि १९३७ साली तिनं त्यावर पुस्तक लिहिलं.

आतापर्यंतच्या सगळ्या बायका लिहू-वाचू शकत होत्या. बाकीच्या हजारो बायकांचं सांगणं दोन ठिकाणी सापडतं. एक काझीच्या दप्तरात. ख्रिस्ती आणि ज्यू बायकासुद्धा वारसा, मेहेर, काडीमोड अशा बाबतींत त्यांच्या धर्मगुरूंना टाळून काझीसमोर उभ्या राहत, कारण तिथं त्यांना जास्त मिळे. कारकुनानं लिहिलेल्या दोन ओळींत त्यांचं म्हणणं उतरलेलं असतं. दुसरं ठिकाण गाणी. ‘हसनागिनित्सा’ हे गीत आल्बेर्तो फोर्तिस या इटालियन पाद्र्यानं १७७४ साली छापलं. जखमी नवऱ्याला लाजेपोटी भेटायला न गेलेल्या आणि म्हणून टाकल्या गेलेल्या बाईची ही कथा. पात्रं सगळी मुसलमान, आणि गीत हाती आलं ते व्हेनिसच्या ताब्यातल्या डाल्मेशियाच्या बाजूला. गटेनं त्याचं जर्मन केलं. वुक कराजिचनं सर्बियन गीतं गोळा केली तेव्हा ‘बायकांची’ आणि ‘वीरांची’ असे दोन गट पाडले, पण त्याला वीरगीतं सांगणाऱ्यांत जिवाना आणि येत्सासारख्या आंधळ्या बायका होत्या. सावेच्या उत्तरेकडच्या ऑस्ट्रियन मुलखात भीक मागत फिरणाऱ्या या बायकांनी तुर्की मुलखातला इतिहास गाऊन जिवंत ठेवला.

या सगळ्यावरच्या अभ्यासात दोन पुस्तकं मला विशेष उपयोगी वाटतात. बिली मेलमन यांच्या १९९२च्या ग्रंथानं दाखवलं की इंग्रज लेखिकांनी जनानखान्याचं वर्णन हळूहळू घर म्हणून करायला सुरुवात केली आणि त्यामुळे पुरुषांनी रंगवलेलं स्वप्नचित्र फिकट पडलं. सिलिया हॉक्सवर्थ यांनी २००० साली सर्बिया आणि बोस्नियातल्या बायकांच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिला. आंधळ्या गायिकांपासून येलेनापर्यंतच्या इथल्या बायकांना त्यांनी प्रवाशांच्या आधी बसवलं, आणि मला तोच क्रम योग्य वाटतो. मारिया तोदोरोव्हा यांचं १९९७चं पुस्तक युरोपनं बाल्कनची प्रतिमा कशी बनवली याबद्दल आहे. ते महत्त्वाचं आहेच, पण त्यात बायकांचा वेगळा विचार थोडाच येतो.

साराजेवोच्या लाउरा पापोबद्दल सांगायचं राहिलं. ती सेफार्दी, म्हणजे स्पेनहून आलेल्या ज्यूंच्या घराण्यातली. जन्म १८९१, बालपणाची काही वर्षं कॉन्स्टँटिनोपलला, तिथल्या ज्यू शाळेत शिक्षण. १९१६ साली साराजेवोच्या जर्मन वृत्तपत्रात येलित्सा बेलोविच या लेखिकेनं दक्षिणी स्लाव्ह बायकांबद्दल लिहिताना ज्यू बायकांवरही लिहिलं. लाउराला ते चित्र अपुरं वाटलं आणि तिनं त्याच वृत्तपत्रात, जर्मनमध्येच, उत्तर छापलं. बाहेरचीनं लिहायचं आणि आतलीनं वाचायचं, हा दोनशे वर्षांचा रिवाज तिथं त्याच वृत्तपत्राच्या पानांत मोडला. १९३१ साली तिनं लादिनोत ‘बोस्नियातली सेफार्दी स्त्री’ हा दीर्घ निबंध लिहिला. केसांवरचा तोकादो कसा बांधत, सणांना काय शिजे, घरगुती औषधं कुठली, म्हणी कुठल्या, आणि ज्यू आयांच्या मुली आता कचेरीत नोकरीला जाऊ लागल्यावर यातलं काय उरेल, हे ती स्पष्ट विचारते. तिची नाटकं साराजेवोच्या रंगमंचावर झाली. १९४२ साली ती गेली. तिची दोन्ही मुलं नाझींशी हातमिळवणी केलेल्या उस्ताशा राजवटीच्या छळछावणीच्या वाटेवर मारली गेली. तिनं ज्या समाजाबद्दल लिहिलं, तो समाजच महायुद्धाच्या चार वर्षांत बहुतेक संपला. हस्तलिखितं साराजेवोच्या दप्तरखान्यात राहिली आणि निबंध २००५ साली छापून आला.

मराठीत यातलं एखादं पुस्तक आणायचं झालं तर मी मेरीची पत्रं आधी घेणार नाही. ती इंग्रजीतून कुणालाही वाचता येतात. आधी स्ताकाची बखर आणि लाउराचा निबंध, दोन्ही एकाच पुस्तकात घेईन. दोघींचं शहर एक, धर्म वेगळे, मध्ये पाऊणशे वर्षांचं अंतर, आणि दोघीही दारातून बाहेर बघत लिहितात.